तिथली माणसं इकडं आलीच न्हाईत

शिवाजी पेठ, कोल्हापूर
३ फेब्रुवारी २००९

पवित्रा,

आशीर्वाद हाईत असं धर. खुशाली शेवटी लिहीन, आधी भांडण.

संक्रांतीला आलीस, तिळगूळ दिलास आन् जाता जाता मला तुमच्या त्या गोतावळ्यात घालून गेलीस. म्हणालीस, चिक्कव्वा, ती मोठी साइट सोड, तिथं कोण कुठला कळत न्हाय, चोरचिलटं असत्यात. ही गोतावळा साइट आपली घरची हाय. तुझ्या नवऱ्यानं, शिवकुमारनं, दोस्तांना घेऊन बेंगळूरात बसून केलीया. तुझ्या आईची मी धाकटी भण. तू चिक्कव्वा चिक्कव्वा करत मागं लागलीस, म्हटलं पोरीचं मन कशाला मोडा. आले.

आता मला सांग, माझी माणसं कुठं हाईत?

दुपारी मिरची कांडायचा डंक थांबला, बायका जेवायला गेल्या, की मी पोराच्या, बसवेशच्या कॉम्प्युटरपुढं बसते. रोज बघते. संकेश्वरचा मामा हाय. निपाणीची मंडळी हाईत. तुझ्या सासूचा फोटो हाय, चष्मा लावलेला. कुणाचं बारसं, कुणाची गाडी, कुणाची पोरगी बारावी पास. सगळी ओळखीची. ओळखीच्यांना मी रस्त्यात भेटते की, त्यांना बघायला वीज कशाला जाळू?

त्या मोठ्या साइटवर माझी दहा-बारा माणसं हुती. त्यांची आन् माझी एक गल्ली हुती. मला वाटलं, मी इकडं आले म्हंजे ती पण मागनं येत असतील. न्हायतर गल्ली तरी असंल, माणसं दुसरी असतील. तुमच्यात ती गल्लीच न्हाय. मोठ्या बाजारात नुसत्या सुया विकणारा एक जण बसलेला असतो. खेड्यातल्या दुकानात सुई मागितली की तो गूळ दाखवतो. तसं झालंय.

कसली माणसं ते विचारू नकोस. त्यांना इकडं कसं आणायचं तेवढं सांग. आन् उत्तर कागदावर दे. गोतावळ्यावर लिहिलंस तर दोनशे पावणं वाचत्यात, आन् फोन दुकानात हाय, तिथं आमची थोरली जाऊ शालूबाई कान देऊन बसलेली असते. मी तिला काय सांगत न्हाय आन् ती मला काय सांगत न्हाय, असंच आमचं चाललंय.

खुशाली बरी हाय.

चिक्कव्वा

*

बेंगळूर
१० फेब्रुवारी २००९

प्रिय चिक्कव्वा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसू आलं, दुसऱ्यांदा थोडं लागलं. गोतावळा शिवकुमारने रात्रंदिवस खपून उभा केलाय. तू आलीस म्हणून निपाणीकडचे वीस जण आले. तूच अशी रुसलीस तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

माणसं अशी आपोआप मागून येत नाहीत गं. तिथली तिथे राहतात, इथली इथे. ज्याला यायचंय त्याने स्वतः यायचं. पण तुझी अडचण मला समजली. तुझी माणसं म्हणजे मसाल्यावर बोलणारी माणसं, हो ना? घरातल्यांना तुझ्या चटणीचं कौतुक आहे, पण बारकाव्यात कोण शिरतंय? म्हणून मी काल तुझ्यासाठी एक गल्लीच काढली. "चिक्कव्वाची चटणी" असा ग्रुप. तुला त्याची मुख्य केलंय. एका दिवसात तीस जण आले. सगळ्यांनी एकच लिहिलंय, चिक्कव्वाच्या नाकाला तोड नाही. मामांनी तर तुझ्या सासूबाईंची गोष्टही सांगितली. थोरली सून शालूबाई असताना त्यांनी भाजायची कढई तुझ्या हातात कशी दिली, का तर म्हणे हिला धण्याचा वास दाराबाहेरून कळतो. किती जणांना ते माहीतच नव्हतं.

आणि जुन्या माणसांची एवढी आठवण येत असेल तर जुन्या साइटवर एक चक्कर मार की. तुझं तिथलं अकाउंट आहेच.

बसवेशला आणि काकांना नमस्कार. मसाल्याचा हंगाम आला, जपून काम कर.

तुझी,
पवित्रा

*

शिवाजी पेठ
१८ फेब्रुवारी २००९

पवित्रा,

तो ग्रुप बंद कर. आजच्या आज.

आन् तिथलं अकाउंट न्हाय. मी काढून टाकलं.

असं डोळं मोठं करू नकोस. तू लहानपणी हितं राहिलीयास, तुला पेठेची रीत ठाऊक पायजे. एका तालमीचा माणूस दुसऱ्या तालमीत जाऊन बसत न्हाय. पिराजी तुला आठवत असंल, तुझ्या काकांच्या बरोबरीचा. ऐन मॅचला पलीकडच्या तालमीच्या टीमकडनं फुटबॉल खेळला. आता त्याला नातवंडं झाली, तरी त्याच्या दारावरनं जाताना माणसं म्हणत्यात, ह्यो पलीकडचा. हितं बी पाय आन् तिथं बी पाय, असलं मला जमत न्हाय. तुझ्याकडं येतो म्हटलं की तिथला राम राम घ्यायला नको? तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिथं जाऊन "येते" म्हणून लिहिलं आन् काढायचं बटण दाबलं. त्यानं विचारलं, खरंच काढायचं? मी व्हय म्हटलं. परत विचारलं. परत व्हय. शब्द दिला म्हंजे दिला.

तसं करताना मला वाटलं, पत्ता बदलला की पोस्टमन पत्र नव्या घरी आणून टाकतो, तसं माझं उत्तर इकडं येईल. आदल्या दिवशी मी तिथं एकाला एक गोष्ट विचारली हुती. त्याचं उत्तर यायचं हुतं. अजून आलेलं न्हाय. तुमच्या गोतावळ्याला पोस्टमन हाय का न्हाय?

ज्याला विचारलं त्याचं नाव कापूर. खरं नाव ठाऊक न्हाय, गाव ठाऊक न्हाय. तिथं गाव विचारायची रीत नव्हती. माझं पण खरं नाव नव्हतं, मी सौंदर्या म्हणून हुते. फोटोच्या जागी जास्वंद. तर सौंदर्याला कापूरनं काय उत्तर दिलं ते मला बघायचंय. मिरची यायच्या आत. नुसतं बाहेरनं डोकावून बघता येतं का ते कळव.

हितं कामाला सुरुवात झालीया. शालूबाईनं तोंड फुगवलंय. मी भाजताना रेडिओ बंद करते म्हणून. करते बंद. माझी कढई हाय.

चिक्कव्वा

*

बेंगळूर
२५ फेब्रुवारी २००९

प्रिय चिक्कव्वा,

ग्रुप बंद केलेला नाही, पण तुझं नाव मुख्य म्हणून काढलंय. लोकांना काय कारण सांगायचं ते मला सुचेना.

आता मी जे लिहिणार आहे ते शांतपणे वाच. मी तुझ्या पोरीसारखी आहे, म्हणून लिहिते.

हा कापूर कोण? तू त्याला कधीपासून ओळखतेस? सौंदर्या असं नाव तू का घेतलंस? इंटरनेटवर गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. आधी विचारपूस करतात, सुखदुःख विचारतात, मग एक दिवस काहीतरी मागतात. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंना असाच अनुभव आला, चांगल्या शिकलेल्या बाई. तू त्याला फोटो पाठवला नाहीस ना? आणि असं काय विचारलंस त्याला, की मला सांगता येत नाही?

तुझं आणि काकांचं काही बिनसलंय का? दिवसभर डंक, मिरची, ठसका, यात माणूस एकटं पडतं, हे मी समजू शकते. पण घरचं माणूस घरचं असतं, चिक्कव्वा.

बाहेरून डोकावता येत नाही. आणि येत असतं तरी मी मदत केली असती का, मला माहीत नाही.

रागावू नकोस.

पवित्रा

*

शिवाजी पेठ
४ मार्च २००९

पवित्रा,

काल दुपारी तुझ्या आईचा फोन आलता. अक्का आधी हवापाण्याचं बोलली. मग म्हणाली, शांतव्वा, या वयात मन भरकटतंय, मठात जाऊन बसत जा जरा. मी म्हटलं कुणाचं मन? तर म्हणाली, मी आपलं सहज म्हटलं. शालूबाई समोर पाकिटं भरत हुती. तिनं पाकीट भरायचं थांबवलं.

मी तुला कागदावर लिहिलं ते कशापायी लिहिलं?

पन्नाशीला आलेली बाई मी. हातात मिरची, डोळ्यात मिरची, आन् माझ्यामागं कोण कापूर घेऊन लागणार हाय? डोकं हाय का तुमचं मायलेकींचं?

मला आता वेळ न्हाय. पोती आलीत. रांग दारापातूर हाय. तुझ्या वाट्याचा मसाला पार्सल करते, तेवढा खा आन् गप बस.

शांतव्वा

*

बेंगळूर
२२ मार्च २००९

प्रिय चिक्कव्वा,

चुकलं माझं. आईला मी कापूरचं नाव सांगितलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं की चिक्कव्वाची काळजी वाटते. तिने पुढचं सगळं स्वतः जोडलं. तुझ्या सगळ्या पत्रांना मी आता कुलूप लावलंय असं समज.

पार्सल मिळालं. घरात सगळ्यांना आनंद झाला. शिवकुमारने त्याच दिवशी गोतावळ्यावरच्या मित्रांना तांबड्या रश्शाला बोलावलं.

एक लिहू का? लिहू की नको यात आठवडा गेला. मसाल्याला थोडा वेगळा वास होता. म्हणजे भाजणी छानच होती, रंगही तुझाच, पण खाली कुठेतरी जुन्या तेलासारखं लागत होतं. मला वाटतं, एसटीत पार्सल उन्हात राहिलं असणार. यंदा ऊनही फार आहे. पाहुण्यांनी काही म्हटलं नाही, पण सगळ्यांनी रस्सा वाटीत तसाच ठेवला. मी वरून लिंबू पिळलं.

पुढच्या खेपेला एसटीने पाठवू नकोस, कुणी येणारं असेल तर त्याच्याबरोबर दे. एवढंच सांगायचं होतं. तुझा मसाला बिघडूच शकत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

तू गोतावळ्यावर दिसत नाहीस हल्ली. बरी आहेस ना?

तुझी,
पवित्रा

*

शिवाजी पेठ
३० मार्च २००९

पवित्रा,

पार्सलला ऊन लागलं न्हाय. खोबरं खवट हुतं आन् मला कळलं न्हाय.

आता बसून वाच. मी पण डंकाच्या मागं पोत्यावर बसून लिहितेय.

गेल्या गणपतीत मला ताप आलता ना, तुम्ही आरतीला आलता तेव्हा मी झोपून हुते बघ. ताप गेला, आन् जाताना वास घेऊन गेला. सगळा. उदबत्तीचा, रॉकेलचा, बसवेशच्या मोज्याचा. आधी वाटलं सर्दी हाय. मग एक दिवस दूध करपून काळं झालं आन् मी त्याच्यापुढंच उभी. तुझे काका बाहेरनं पळत आले. मी म्हटलं, लक्ष नव्हतं. डॉक्टरकडं एकटी गेलते. तो म्हणाला, तापात नस गेली असंल, येईल तर येईल. खारट कळतंय, आंबट कळतंय, तिखट तर झोंबतंयच. बाकी माझ्या तोंडात सगळं पुठ्ठा.

आन् मी काय काम करते? नाकावर भाजते. सगळी पेठ आपली मिरची घेऊन माझ्याकडं येते ती डंकासाठी न्हाय, डंक गल्लीगल्लीत झालेत. माझ्या नाकासाठी येते. सासूबाईंनी शालूबाईला बाजूला बसवून मला कढई दिली ती नाकासाठी. हे नाक गेलं म्हटल्यावर मी त्या घरात कोण? शालूबाई एवढी वर्षं पाकिटं भरतेय आन् वाट बघतेय. कुणाला सांगणार?

बसवेशनं मला शोधायचं शिकवलं हुतं. एबीसीडी पाचवीपातूर झालेली, तेवढी पुरली. एक-एक अक्षर हुडकून मी "वास येत नाही" असं टाकलं. त्या मोठ्या साइटवर एक कम्युनिटी निघाली. नाव काय, तर "नावालाच नाक". मी एकटीच हसले दुकानात. आत दहा-बारा माणसं. कुणाचा सायकलवरनं पडून वास गेलेला, कुणाला जन्मापासनं न्हाय. एक बाई लिहायची, बरं झालं, आता नणंद आली की मला कळतच न्हाय. तिथं कुणी अरेरे केलं न्हाय. औषधं सांगितली न्हाईत. ज्याचं दूध करपलं तो लिहायचा, आज माझं, आन् बाकीचे लिहायचे, काल आमचं.

कापूर हा फरसाण करणारा माणूस. त्याचा वास जाऊन लई वर्षं झालीत, आन् त्याच्या गिऱ्हाइकाला अजून ठाऊक न्हाय. त्यानं मला कानानं भाजायला शिकवलं. तीळ कधी उतरवायचं ते त्याच्या तडतडण्यावर. धण्याचा आवाज आधी ओला असतो, मग कोरडा हुतो. कांदा तेल सोडताना गप्प बसतो. दिवाळीचा सगळा मसाला मी तसा केला आन् कुणाला कळलं न्हाय. रेडिओ त्यासाठीच बंद करते.

पण खवट खोबऱ्याला आवाज न्हाय. रंग पण न्हाय. ते मी त्याला विचारलं आन् त्याच दिवशी तू मला उचलून गोतावळ्यात आणलंस. तिथं तीस माणसं माझ्या नाकाची आरती करत बसलेली. त्यांच्यात मी काय लिहू? आमच्या कम्युनिटीसारखी दुसरी तुमच्यात असती, तरी तिच्यात मामा निघाला असता.

तुला एकटीला न्हाय गेलं ते खोबरं. त्याच पोत्यातलं पेठेत चार घरी गेलंय. त्यातलं एक घर परत घेऊन आलं. मी बाईला म्हटलं, तुमच्या डब्याला वास असंल. खोटं बोलले, आन् ती डबा घासायला गेली. अजून अर्धं पोतं पडलंय. ते चांगलं हाय का वाईट, मी रोज त्यात हात घालते आन् काढते. काय करू कळत न्हाय.

तुझ्या काकांना न्हाय सांगितलेलं. तुला सांगितलंय.

चिक्कव्वा

*

बेंगळूर
९ एप्रिल २००९

प्रिय चिक्कव्वा,

तुझं पत्र ऑफिसला जाताना उघडलं आणि ऑफिसला गेलेच नाही. बाहेरून बघता येत नाही, म्हणून मी तिथे माझं स्वतःचं अकाउंट काढलं आणि "नावालाच नाक"मध्ये शिरले. माझं नाक शाबूत आहे हे कुणाला सांगितलं नाही.

तू अकाउंट काढलंस तेव्हा तू लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. तुला दिलेली उत्तरं तेवढी राहिलीत. शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलावं आणि आपल्याला एकच बाजू ऐकू यावी, तसं वाचलं मी. "ताई, धणे घातल्यावर कुणाशी बोलू नका." "ताई, एवढ्यावर रडायचं नाही. मीठ कळतंय ना, मग गप्प बसा आणि जेवा." "जमलं म्हणता? सगळ्यांना कळवा रे, ताईंची दिवाळी पार पडली." त्याखाली सगळ्यांचे फटाके. आणि मग जानेवारीनंतर, "सौंदर्याताई कुठे आहेत?" "मसाल्याचा हंगाम असेल." "हंगामात तर त्या जास्त यायच्या." मार्चमध्ये कुणीतरी पुन्हा विचारलंय. त्याला उत्तर नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. ज्या दिवशी तू निघालीस त्याच दिवशी संध्याकाळी आलंय. जसंच्या तसं उतरवते.

"सौंदर्याताई, खवटपणा आपल्याला कळत नाही. मी सगळं करून बघितलं. हातावर चोळून, पाण्यात टाकून, ऊन दाखवून. कळत नाही म्हणजे नाही. तो दुसऱ्यालाच विचारावा लागतो. मी माझ्या भावाला विचारतो. आमचं दोघांचं पटत नाही म्हणूनच विचारतो. प्रेमाचं माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून चांगलं आहे म्हणेल. ज्याच्याशी पटत नाही तो तसं करणार नाही."

मी तुझ्या मसाल्यावर लिंबू पिळलं आणि उन्हाला नावं ठेवली, ते मला हे उतरवताना आठवलं.

शिवकुमारला, तुझं नाव न घेता, विचारलं की गोतावळ्यात अशी एखादी गल्ली काढता येईल का. तो म्हणाला, काढता येईल, पण दोनशे माणसांत वास गेलेलं एखादंच निघणार, आणि तेही सांगणार नाही. तिकडे लाखो आहेत, म्हणून बारा जमली. त्याला वाईट वाटलं, पण त्याने खरं सांगितलं.

तू परत जा, चिक्कव्वा. तिथे कुणी पलीकडची म्हणत नाही. दोन्हीकडे पाय ठेवले तरी चालतात, खरंच चालतात.

तुझी,
पवित्रा

*

शिवाजी पेठ
२ मे २००९

पवित्रा,

तुझं पत्र आलं तेव्हा मला आधी राग आला. एवढी वाट बघितली आन् उत्तर काय, तर कळत न्हाय. मला वाटलं हुतं, लिंबाच्या रसात घाल न्हायतर चुन्यात घाल, असलं काय तरी सांगंल. चार दिवस मी कापूरशी मनातल्या मनात भांडले. मग ज्याच्याशी पटत न्हाय असं माणूस कोण, ते शोधायला मला लांब जायचं नव्हतंच. ते समोर पाकिटं भरत हुतं.

बसवजयंतीला डंक बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत मी त्या पोत्यातली एक वाटी घेऊन शालूबाईपुढं गेले. म्हटलं, खवट हाय का बघा.

ती वाटीकडं बघेना, माझ्याकडं बघत बसली. तिला वाटलं मी तिची परीक्षा घेतेय. एकदा तिनं चांगलं म्हटलेलं पोतं मी सगळ्या बायकांदेखत परत पाठवलं हुतं, तेच तिनं काढलं. मग म्हणाली, "मला कशाला विचारतीस? तुझं नाक हाय की."

"न्हाय माझं नाक. गणपतीपासनं न्हाय. मला कशाचाच वास येत न्हाय."

मला वाटलं आता ती दारात जाऊन गल्ली गोळा करंल. माझी कढई गेली, असंच मी धरून चालले. तिनं माझ्या हातातली वाटी घेतली. तुकडा मोडला, हुंगला, चावला आन् हातावर थुंकला.

"टाकून दे. सगळं पोतं."

मग ती खाली बसली. म्हणाली, मग एवढे दिवस भाजत कशावर हुतीस? मी म्हटलं, कानावर. तशी ती एकदम हसायला लागली, पोट धरून. रेडिओ, म्हणाली. सगळा हंगाम मी रेडिओ बंद करत हुते, ते तिला गाणी आवडत्यात म्हणून मुद्दाम करते असं तिला वाटलेलं. त्यापायी तिनं माझ्या चहात साखर टाकायची बंद केली हुती. चहा गोड लागेना, पण कशानं ते मला कळलं नव्हतं. मला वाटलं, माझी जीभ बी चालली.

तुझ्या काकांना तिच्यादेखतच सांगितलं. ते म्हणाले, म्हंजे दूध करपलं त्या दिवसापासनं तू एकटीच हे घेऊन बसलीस. आता घरातला गॅस बघायला दिवसातनं चारदा उठत्यात.

आता कढई माझ्याकडंच हाय. पोत्यावर शालूबाई बसते. पहिला हात तिचा, मग माझा. डबा घासायला लावलेल्या बाईकडं आम्ही दोघी गेलो, मसाला बदलून दिला. शालूबाईनंच सांगितलं, हिचं नाक गेलंय, माझं हाय. लपवून ठेवलं न्हाय. दोन घरं आपली मिरची उचलून दुसऱ्या डंकावर गेली. वाईट वाटलं. न्हाय असं न्हाय. बाकीची हाईत.

"चिक्कव्वाची चटणी" बंद करू नकोस, राहू दे. मामाला कळवायचं ते माझं मी कळवीन. आन् शिवकुमारला सांग, गोतावळा वाईट न्हाय. फक्त त्यात माझी गल्ली न्हाय, त्याला तो तरी काय करणार. दोन्हीकडं पाय ठेवले तरी चालतंय म्हणतेस, ते मला अजून पटत न्हाय. मी मधला रस्ता काढलाय. तुमच्यात मी पावणी म्हणून येत जाईन. पावण्याला सगळीकडं जाता येतं.

तिकडं परत जाणार हाय. या खेपेला सौंदर्या न्हाय, जास्वंद पण न्हाय. शांतव्वा म्हणून, फोटो लावून. कापूरला पहिलं हेच सांगायचंय की मी विचारलं, आन् जिला विचारलं तिनं खरं सांगितलं.

एक तेवढं कळव. आमच्याकडं सोडून गेलेला माणूस तालमीत परत आला तर आधी मारुतीपुढं नारळ ठेवतो, मग आत पाय टाकतो. पिराजीला ते जमलं न्हाय, म्हणून तो बाहेर राहिला. मला तसं राहायचं न्हाय. तिथं नारळ कुठं ठेवायचा असतो? ठेवायची जागा नसंल तर मी हितंच, कॉम्प्युटरपुढं खोबऱ्याची वाटी ठेवीन. काढून ठेवलीया. शालूबाईनं वास घेतलाय. चांगली हाय.

चिक्कव्वा